‘कीचकवध’ : न उच्चारलेले नाव आणि सरकारला लागलेली तीन वर्षे

१९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. जानेवारी १९१०च्या अखेरीस मुंबई सरकारने त्याच्या प्रयोगांवर बंदी घातली. मधल्या तीन वर्षांत हे नाटक कुठे चोरून होत नव्हते. तिकिटे लावून, भरल्या थिएटरात त्याचे प्रयोग चालले होते. पुस्तकही छापून निघाले होते. कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना कुणी सांगावे लागत नव्हते. मग सरकारला हात उचलायला एवढा वेळ का लागला?

साम्राज्याच्या काळात साहित्याने राष्ट्रभावना घडवली हे वाक्य शालेय पुस्तकांपासून जयंतीच्या भाषणांपर्यंत सगळीकडे भेटते. ते खोटे नाही, पण ही घडण नेमकी कशी होते याचे उत्तर त्यात सापडत नाही. ‘कीचकवध’चे प्रकरण त्यासाठी उपयोगी पडते, कारण इथे मूळ कथा, नाटककाराने तिच्यात केलेले फेरफार, प्रेक्षागृहातले दृश्य आणि सरकारी कायदा या चारही गोष्टी शेजारी शेजारी मांडून पाहता येतात. त्या तशा मांडल्यावर आमचे मत असे झाले, की या नाटकाची ताकद त्यातल्या संवादांत जेवढी होती त्याहून जास्त प्रेक्षकाकडे सोपवलेल्या कामात होती. नाटककार नाव घेत नव्हता. नाव प्रेक्षक मनात घेत होता, आणि तेही शेजारी बसलेल्या चारपाचशे माणसांसह. ‘आपण’ कोण, हे त्या क्षणी ठरत होते.

लेखक आणि वेळ

खाडिलकर सांगलीचे, जन्म १८७२चा. १८९७ पासून ते ‘केसरी’त टिळकांचे सहकारी होते. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला आणि अठरा महिन्यांची शिक्षा ठोठावली गेली. ‘केसरी’च्या कचेरीत बसणाऱ्याला कोणते वाक्य कोर्टात जाते आणि कोणते सुटते याचे ज्ञान रोजच्या कामातूनच मिळत होते. ‘कीचकवध’ वाचताना हे सतत लक्षात ठेवावे लागते. हे नाटक कायद्याची रेघ कुठे आहे ते नेमके ठाऊक असलेल्या संपादकाने लिहिले आहे.

कर्झन १८९९ पासून व्हाइसरॉय होते. १९०४चा विद्यापीठ कायदा, फेब्रुवारी १९०५मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात सत्यप्रियतेवरून पौर्वात्यांना दिलेला उपदेश, आणि १६ ऑक्टोबर १९०५ला अमलात आलेली बंगालची फाळणी, यांमुळे त्यांचे नाव उद्दामपणाचे दुसरे नाव होऊन बसले होते. पण नाटक रंगभूमीवर आले तेव्हा कर्झन हिंदुस्थान सोडून गेलेले होते. ही बाब पुष्कळदा नजरेतून सुटते. एका माणसाची टवाळी करायची असती तर १९०७ साल उशिराचे होते. नाटकाला कर्झन हवे होते ते सत्तेच्या एका स्वभावाचा चेहरा म्हणून.

आणि त्या वेळचा खरा पेटलेला वाद दुसराच होता. १९०६च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली स्वराज्याचा उच्चार झाला, आणि १९०७च्या डिसेंबरात सुरतेला जहाल-मवाळ फाटाफूट झाली. कर्झनशाही वाईट, हे पुण्यातल्या प्रेक्षकाला पटवून द्यावे लागत नव्हते. प्रश्न होता तो उपायाचा: अर्ज करायचे, थांबायचे, की हात उगारायचा? आमच्या मते नाटकाचा विषय हाच आहे, आणि कीचक हे त्याचे निमित्त.

हीच कथा का?

विराटपर्वातली मूळ गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अज्ञातवासाचे तेरावे वर्ष. युधिष्ठिर कंक होऊन दरबारात, भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात, द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेच्या सेवेत. सुदेष्णेचा भाऊ आणि विराटाचा सेनापती कीचक सैरंध्रीवर डोळा ठेवतो. मद्य आणण्याच्या निमित्ताने तिला त्याच्या घरी पाठवले जाते. ती निसटून सभेत धावते, आणि भर सभेत, राजासमोर, कीचक तिला लाथ मारतो. युधिष्ठिर भीमाला आवरतो. रात्री द्रौपदी भीमाकडे जाते, आणि पुढे कीचकाचा चेंदामेंदा होतो. पाठोपाठ एकशे पाच उपकीचकही, म्हणजे कीचकाचे भाऊबंद, मारले जातात.

मराठी श्रोत्यांना ही कथा नवी नव्हती. मुक्तेश्वरांच्या ओव्यांतून, मोरोपंतांच्या आर्यांतून, कीर्तनांतून ती घरोघर पोचलेली होती. पण ओळखीच्या कथा पुष्कळ होत्या. हीच का, याची दोन कारणे आम्हाला ठळक दिसतात.

पहिले कारण अज्ञातवासाची अट. पांडव ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षे वनवास. म्हणून युधिष्ठिराचा संयम भेकडपणातून येत नाही. तो एका कराराने बांधलेला आहे आणि करार पाळण्यात त्याला धर्म दिसतो. मवाळ राजकारणाची याहून न्याय्य मांडणी दुसऱ्या कथेत मिळाली नसती. सनदशीर मार्गाने गेलो तर आज ना उद्या न्याय मिळेल, आततायीपणा केला तर सगळे गमावू, हे म्हणणे कंकाच्या तोंडी अगदी सहज बसते. विरोधी बाजू दुबळी करून दाखवली असती तर नाटक प्रचारपत्रक झाले असते. युधिष्ठिर आदरणीय राहतो, म्हणूनच त्याचा सल्ला अपुरा पडतो तेव्हा प्रेक्षकाच्या जिवाची घालमेल होते.

दुसरे कारण अधिक कारागिरीचे. या वादाचा निकाल प्रेक्षकाला पडदा वर जाण्यापूर्वीच ठाऊक आहे. कीचक मरणार आहे आणि तो भीमाच्या हातून मरणार आहे. ते तर नाटकाच्या नावातच आहे. मवाळ बरोबर की जहाल, हे नाटककाराला सिद्ध करावे लागत नाही. व्यासांनी तो निकाल देऊन ठेवला आहे. सरकारी वकिलाला ‘हे मत लेखकाचे’ असे म्हणायचे असेल तर आधी महाभारताशी भांडावे लागेल.

फेरफार कुठे आहेत

अशा नाटकाचा अभ्यास करताना एक पद्धत फार उपयोगी पडते. मूळ पर्व शेजारी उघडून ठेवावे आणि नाटकाच्या प्रतीवर तीन वेगवेगळ्या खुणा कराव्यात: मुळात आहे ते तसेच घेतलेले, मुळात आहे पण लांबवलेले, आणि मुळात नसलेले. बरेच अभ्यासक तिसऱ्या खुणेच्या मागे लागतात, कारण तिथे लेखकाचा हात उघड दिसतो. ‘कीचकवध’मध्ये अधिक हाती लागते ते दुसऱ्या खुणेपाशी.

महाभारतातला कीचक कामांध आहे. नाटकातला कीचक त्याशिवाय राज्यकर्ता आहे. तो सैरंध्री मागतो ती आपल्या अधिकाराच्या जोरावर. राज्य करणारे आणि राबणारे अशा दोनच जाती तो मानतो, आणि दासीची इच्छा विचारात घेणे म्हणजे सत्तेला कमीपणा, असा त्याचा युक्तिवाद असतो. विराट दुबळा आहे. त्याने कीचकाला मोकळे रान दिले आहे आणि आता त्याला आवरण्याची त्याच्यात धमक नाही. लंडनचे सरकार आणि कलकत्त्याचा व्हाइसरॉय हे नाते प्रेक्षकाने इथेच ओळखले. आणि मुळात काही श्लोकांत संपणारा युधिष्ठिर-भीमाचा मतभेद नाटकात कणा होऊन उभा राहतो.

इथे एक चूक हमखास होते. द्रौपदी म्हणजे भारत, कीचक म्हणजे कर्झन, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, अशी किल्ली तयार करायची आणि नाटक उलगडले असे समजायचे. ही किल्ली त्या काळातच रूढ होती, तेव्हा ती चुकीची नाही. पण ती सगळी कुलुपे उघडत नाही. कीचक परका नाही, तो राणीचा भाऊ आहे. विराटाच्या राज्यात उलट पांडवच बाहेरचे. मत्स्यदेश त्यांचा नव्हे. परक्या सत्तेचे चित्र म्हणून कथा काटेकोर जुळत नाही. जुळते ती दुसरीकडे: आपल्या माणसाचा अपमान डोळ्यांसमोर होत असताना, अंगात बळ असूनही, गप्प बसावे लागणे. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या शिकलेल्या माणसाला ही अवस्था अंतर्बाह्य ठाऊक होती. वेष पालटून, नाव लपवून, दुसऱ्याच्या दरबारात चाकरी करणारे राजपुत्र त्याला आपलेसे वाटले, ते या अनुभवामुळे.

प्रेक्षागृह

महाराष्ट्र नाटक मंडळी ही गद्य नाटके करणारी संस्था. त्या काळात रंगभूमीवर संगीताचे राज्य असताना तिने संवादाच्या बळावर नाव मिळवले. ‘कीचकवध’ला गाण्यांचा विसावा नाही, वाद चढत जातो आणि प्रेक्षकाला मधे सुटका मिळत नाही. द्रौपदीची भूमिका अर्थातच पुरुष नट करीत असे. प्रेक्षकांत स्त्रियाही असत.

नाटकाचे महत्त्व समजायला दोन आकडे जवळ ठेवावेत. १९११च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात शंभरातली सुमारे सहाच माणसे साक्षर होती. अग्रलेख वाचणारा वर्ग म्हणजे किती लहान, ते यावरून कळते. नाटकाला अक्षर लागत नाही. आणि १९०७च्या अखेरीस राजद्रोही सभा रोखण्याचा कायदा आला. जाहीर केलेल्या मुलखात वीसपेक्षा जास्त माणसे जमली की ती सार्वजनिक सभा धरली जाई आणि आधी सूचना द्यावी लागे. थिएटरात त्याच्या कित्येकपट माणसे रात्रभर एकत्र बसत. १९०८च्या जूनमध्ये वृत्तपत्रांविरुद्ध नवा कायदा, जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा. ‘केसरी’ची सूत्रे खाडिलकरांकडे आली. बाकी तोंडे एकेक करून बंद होत होती तसतसा या नाटकाचा आवाज आपोआप मोठा होत गेला. संहितेत एक अक्षर न बदलता तिचा अर्थ वाढला, कारण भोवतालची शांतता वाढली.

कायदा काय म्हणत होता

नाट्यप्रयोगांचा कायदा १८७६चा. त्याची मुळे बंगालात आहेत. नीळवाल्या गोऱ्यांच्या जुलमावरचे दीनबंधू मित्रांचे ‘नीलदर्पण’ १८६०चे. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१मध्ये एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. पुढे १८७६च्या आरंभी, युवराजांच्या भेटीची टर उडवणारे प्रहसन कलकत्त्यात झाल्यावर व्हाइसरॉय नॉर्थब्रुकांनी वटहुकूम काढला आणि वर्षाअखेर त्याचा कायदा झाला.

कायद्याच्या कक्षेत तीन प्रकारचे प्रयोग येत: बदनामीकारक, कायद्याने स्थापित सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करण्याचा संभव असलेले, आणि प्रेक्षकांना नीतिभ्रष्ट करणारे. प्रांतिक सरकार बंदी घालू शके. मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, वा दोन्ही. पोलिसांना वॉरंट घेऊन आत शिरून पोशाख आणि पडदे जप्त करता येत. फिरत्या मंडळीला कैदेपेक्षा ही जप्ती जड जाई, कारण तिचे सगळे भांडवल पेटाऱ्यांत आणि पडद्यांतच असे. सरकारने एखादे क्षेत्र जाहीर केले तर तिथे परवान्याशिवाय प्रयोग करता येत नसे. आणि एक अपवाद होता: धार्मिक उत्सवांतल्या जत्रा व तशा प्रकारचे खेळ या कायद्याच्या बाहेर ठेवलेले होते.

थिएटरातला तिकिटाचा प्रयोग या अपवादात बसत नाही. पण अपवाद ठेवणाऱ्यांची भीती त्यातून कळते. १८५७ नंतर, १८५८च्या राणीच्या जाहीरनाम्यात, धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिलेले होते. महाभारतातल्या कथेवर बंदी घालणे म्हणजे हे वचन मोडल्याचा गवगवा ओढवून घेणे.

तीन वर्षे

विलंबाचे एक कारण हे झाले. दुसरे सरकारच्या वाचनपद्धतीत आहे. १८६७च्या छापखाना कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारला द्याव्या लागत आणि त्यांची त्रैमासिक यादी निघे. देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक गोषवारे भाषांतर खात्यात तयार होत. ही यंत्रणा शब्दांवर चालायची. टिळकांवरील १९०८च्या खटल्यात तेच झाले: लेख, त्यांचे भाषांतर, आणि त्या शब्दांवर उलटतपासणी. ‘कीचकवध’चे पुस्तक अशा टेबलावर आले तर त्याचा गोषवारा विराटपर्वाचाच निघणार. त्यात कर्झनचे नाव नाही, इंग्रजांचे नाही, हिंदुस्थानचेही नाही. अर्थ होता तो रात्रीच्या थिएटरात, आणि गोषवारा लिहिणारे खाते थिएटरात बसत नव्हते.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बंदी घालायची तर ती कशाबद्दल हे सांगावे लागते. कीचकाविषयी अप्रीती उत्पन्न होते म्हणून बंदी, असे सरकारने म्हणताच कीचक आणि सरकार यांच्यात नाते आहे हे सरकारनेच कबूल केले. प्रेक्षक जे मनात म्हणत होते त्यावर सरकारी शिक्का बसणार. हा पेच खाडिलकरांनी मुद्दाम रचला होता असे दाखवणारा पुरावा लागतोच असे नाही. रूपकाच्या या जातीतच तो असतो.

जानेवारी १९१०

२१ डिसेंबर १९०९च्या रात्री नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, त्या विजयानंद थिएटरात. नाटक दुसरे होते आणि मंडळीही दुसरी. पण नाट्यगृह आणि खून ही दोन चित्रे इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात एकत्र आली ती आली. लगेच पुढच्या महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ‘कीचकवध’वर मजकूर आला. त्यात कथानक दिले होते, पात्रांची किल्ली दिली होती, आणि प्रेक्षागृहाचे वर्णन होते: पुरुषांचे आवळलेले चेहरे, ब्राह्मण स्त्रियांचे चमकणारे डोळे, युधिष्ठिराच्या सौम्यपणाचा तिटकारा, आणि कीचक मरतो तेव्हा उठणारी समाधानाची गुणगुण. जानेवारी संपण्यापूर्वी बंदीचा हुकूम निघाला. फेब्रुवारीत नवा छापखाना कायदा आला आणि पुस्तकही त्याच्या तडाख्यात सापडले.

म्हणजे अर्थ लावण्याची जबाबदारी आधी एका इंग्रजी वृत्तपत्राने घेतली आणि मगच सरकारने हात उचलला. संहिता १९०७चीच होती. बदलली ती किंमत: कबुलीची नामुष्की आता नाशिकच्या भीतीपुढे लहान वाटू लागली.

या पुराव्याबाबत सावध राहायला हवे. प्रेक्षागृहाचे जे वर्णन सगळे वापरतात ते व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१०च्या ग्रंथातून पुढे आले. चिरोल हे इंग्रज पत्रकार, भारतीय असंतोषाचे कट्टर विरोधक. याच ग्रंथावरून टिळकांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि १९१९मध्ये ते तो हरले. चिरोल यांच्या लेखनाचा रोख टिळकपक्ष धोकादायक आहे हे दाखवण्यावर होता. तेव्हा प्रेक्षक जितके खवळलेले दिसतील तितके त्यांना हवेच होते. तरी ते वर्णन फेकून देता येत नाही. ज्याला हे नाटक नकोसे होते त्यानेच ते चालते कसे हे अचूक टिपले. फक्त ‘संपूर्ण दख्खन असे मानत होते’ अशा वाक्यांपुढे थांबावे आणि विचारावे: तिकीट काढून गद्य नाटकाला जाणारे दख्खन, की सगळे?

कोणाचे राष्ट्र?

बंदीने प्रयोग थांबले. खाडिलकर पुढे ‘मानापमान’, ‘स्वयंवर’सारख्या संगीत नाटकांकडे वळले आणि त्यांनी मराठी रंगभूमीला वैभवाचे दिवस दाखवले. १८७६चा कायदा मात्र इंग्रजांबरोबर गेला नाही. १९५६मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला, आणि संसदेने तो पुस्तकातून काढला तो २०१७मध्ये मंजूर केलेल्या निरसन कायद्याने.

पण प्रकरण इथे सोडले तर ते अपुरे राहते. नाटकाने ‘आपण’ घडवले, तर त्या ‘आपण’मध्ये कोण बसत होते? द्रौपदीचा अपमान हा राष्ट्राचा अपमान ठरला खरा, पण तो धुऊन काढणे हे पुरुषांचे काम राहिले आणि चर्चा त्यांच्या पौरुषाची झाली. तिचा स्वतःचा राग भीमाला हलवण्यापुरता कामी येतो. प्रेक्षकांतल्या ज्या स्त्रियांचे डोळे चमकत होते त्यांना या राष्ट्रात कोणते काम होते, हे नाटक सांगत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. महाभारत सर्वांच्या ओळखीचे असले तरी सर्वांना त्यात सारखीच जागा नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८५५मध्येच ‘तृतीय रत्न’ लिहून शेतकऱ्याला नाडणाऱ्या भटजीला रंगभूमीवर आणले होते. १८७३मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच्या विचारांचे जलसे तमाशाच्या अंगाने गावोगाव होऊ लागले; तिथे जुलमी माणसाचा पोशाख वेगळा होता. कोल्हापुरात वेदोक्ताच्या वादात, छत्रपतींच्या घराण्यालाही वेदमंत्रांचा अधिकार नाही, अशी भूमिका घेणारे ब्राह्मण होते आणि टिळकांचे वजन त्यांच्या पारड्यात होते. १९०२मध्ये शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. त्या जागेवर पहिल्यांदाच कचेरीत बसलेल्या तरुणापुढे ‘कीचकवध’चा प्रयोग ठेवला असता, तर भर दरबारात लाथ मारणारा कोण, या प्रश्नाला त्याने कर्झनचेच नाव घेतले असते असे धरून चालता येत नाही. खाडिलकरांनी नाव प्रेक्षकावर सोडले होते, त्यामुळे हे दुसरे उत्तरही त्या रचनेत मावते. १९०७चे थिएटर मात्र त्याने भरलेले नव्हते.